डाव्या पोटरीचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. छाती, कंबर, लांबी, आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना, जो तीस वर्षांत कुणी वापरला नाही. आजपासून मी वापरणार. वैताग कुठेतरी ओतायला हवा आणि घरात माझं ऐकून घेणारं कुणी नाही.

दादाला अन्ननलिकेचा कॅन्सर झालाय. एकदा लिहून टाकलं, आता पुन्हा लिहायला नको. चार वेळा सलाईनमधून औषध, मग काही आठवडे अंगात ताकद भरायला, मग ऑपरेशन. ऑपरेशनची तारीख ७ एप्रिल. आज औषधाची दुसरी खेप होती. सकाळी आठला गेलो ते चारला सुटलो. त्या प्लास्टिकच्या खुर्च्या ज्याने केल्या त्याने माणूस कधी बसलेला पाहिलेला नसावा.

तिथे एक नर्स आहे. मनातल्या मनात मी तिला फौजदारीण म्हणतो. निघताना तिने आम्हाला अडवलं.

"काका, या आजारात रक्त घट्ट होतं आणि या औषधानं आणखी होतं. पायाच्या शिरेत गुठळी धरते. ती तिथून सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. दोन्ही पोटऱ्यांचं माप रोज घ्यायचं, गुडघ्याच्या खाली दहा सेंटीमीटरवर, आणि लिहून ठेवायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला, दुखला, लाल झाला, दम लागला, की लगेच फोन. उद्यावर ढकलायचं नाही."

दादा हसला. "सिस्टर, मला माप घ्यायला शिकवताय?"

"कुणी का घेईना, घ्या म्हणजे झालं."

"आणि गुठळी झालीच तर? ऑपरेशन?"

"मग आधी गुठळी, ऑपरेशन नंतर."

दादाचं हसू गेलं. झालंच नाही ते विचारायचं कशाला? पण गप्प बसेल तर दादा कसला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान पुढे, घर मागे. दुकान बाबांनी टाकलं आणि जाताना नियमही ठेवून गेले. आमच्याकडे माप घेणारा लिहीत नाही आणि लिहिणारा बघत नाही. गिऱ्हाईक आरशासमोर, दादा टेप घेऊन, आणि मी भिंतीकडे तोंड करून वहीवर. पोट सुटलेल्या माणसाला चार डोळ्यांसमोर लाजायला लावू नये, असं बाबा म्हणायचे.

दादा त्याच्याही पुढे गेला. सुटलेल्या माणसाची कंबर तो एक इंच कमी करून खणखणीत आवाजात सांगतो आणि टेबलावर बोटानं दोनदा टकटक करतो. टकटक म्हणजे आकडा गिऱ्हाइकाचं मन राखायला सांगितलाय, वहीत एक इंच वाढवून घ्यायचा. काडीपैलवानाला एक इंच जास्त सांगतो, तीच टकटक, मी एक कमी लिहितो. जाड की बारीक ते मी आत येतानाच बघितलेलं असतं. माणूस खूश होऊन जातो आणि पँट बरोबर बसते. पँट मी कापतो, कोट दादा. कौतुक सगळं कोटाचं होतं, तो वेगळा विषय.

तर आज सकाळी दादा खुर्चीत बसला, पाय स्टुलावर, टेप हातात. मी म्हटलं, दे इकडे, मी घेतो. "चाळीस वर्षं कोण घेतंय?" म्हणाला. मी भिंतीकडे वळलो.

"उजवा तेरा. डावा तेरा, एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टकटक नाही. लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

उजवा तेरा, डावा तेरा. वहिनी सगळं मिक्सरमधून काढून गाळून देतात. दादा दोन चमचे घेतो आणि वाटी सरकवतो. मग वहिनी माझ्याकडे बघतात, मी दादाकडे बघतो, दादा खिडकीकडे बघतो. रोज तीन वेळा हा तमाशा. आज मी ओरडलो, तर वहिनी माझ्यावरच उखडल्या. "भावजी, तुम्ही समोर बसलात की त्यांना गिळवत नाही. दुकानात बसा जाऊन." म्हणजे यातही चूक माझीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिसरी खेप झालीच नाही. पहाटे उठून, उपाशी जाऊन, दोन तास ताटकळून, रक्त दिल्यावर डॉक्टर म्हणतात पांढऱ्या पेशी कमी आहेत, पुढच्या सोमवारी या. म्हणजे ऑपरेशनही आठवड्याने पुढे. ७ एप्रिलचं १४ एप्रिल. इतक्या सहज सांगितलं की जणू बटण लावायचं राहिलंय.

घरी आल्यावर माझा तोल गेला. कॅलेंडरवरचा ७ एप्रिलचा लाल गोल खोडला आणि १४ वर काढला, इतका जोरात की कागद फाटला. दादाला म्हणालो, "आता यापुढे एक दिवस जरी तारीख हलली ना, तर मला वेड लागेल. सांगून ठेवतो. मला हे सहन होत नाही." फाटलेल्या कागदाला मागून चिकटपट्टी लावली त्याने, कडेला कड जुळवून.

दादासमोर असं बोलायला नको होतं. पण बोललो. खरं तेच बोललो. ज्या माणसाने मला मशीनवर बसवलं तो रोज थोडा थोडा कपड्यांतून कमी होत चाललाय आणि मी कॅलेंडरकडे बघण्यापलीकडे काही करू शकत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिसरी खेप झाली. उजवा तेराला एक सूत कमी, डावा तेरा. १४ तारीख पक्की ना, असं डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

१० मार्च, सोमवार

चौथी आणि शेवटची खेप. सुटलो. आता पाच आठवडे खायचं, हिंडायचं, वजन वाढवायचं. फौजदारीण म्हणाली, "बसून राहू नका, चाला. माप चालू ठेवा. औषध संपलं म्हणून गुठळीचा धोका संपत नाही." हिच्या तोंडून एखादं चांगलं वाक्य निघेल तो दिवस मी वहीत लाल शाईने लिहीन.

उजवा तेरा, डावा तेरा एक सूत.

१५ मार्च, शनिवार

दादाला फिरायला घेऊन जाणं ही शिक्षा आहे, आणि ती मला झालीय. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायचं, दहा मिनिटांचा रस्ता. आज पस्तीस लागली. दर वीस पावलांवर साहेब थांबतात. कपड्याच्या दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला, पुतळ्याची कॉलर कशी चुकलीय ते मला सांगत बसला, तेही अर्धं वाक्य आता, अर्धं मग. पुढे एका बाकावर बसला. म्हणे पोटरीत गोळा आलाय.

मी लगेच म्हटलं, "फोन करू का तिला?"

"कशाला? पायमशीन मारून येतो तसा आलाय. चाळीस वर्षं येतोय."

"मग चाल. चाललास की मोकळा होईल."

चालला बिचारा. घरी आल्यावर माप सांगितलं: तेरा, तेरा. म्हटलं, बघ, उगाच आळशीपणा.

१८ मार्च, मंगळवार

तेरा, तेरा. सकाळी विचारलं, "१४ ला नक्की ना रे दादा?" तो म्हणाला, "नक्की." रोज विचारतो, रोज तेच म्हणतो. तेवढं ऐकलं की मला कात्री धरता येते.

बाकी त्याचा एक नवीन नखरा. कोटाला टाके घालताना डावा पाय स्टुलावर ठेवून बसतो. ऐटीत. वर अंगावर चादर. मी म्हटलं, राजेसाहेब, उकडत नाही का?

२१ मार्च, शुक्रवार

आज डोकं फिरलं. दादाचे रिपोर्ट आणायला एकटाच गेलो होतो. फौजदारीणबाईंनी वही मागितली. पानं उलटली, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"काका, आधी रोज थोडा फरक दिसतोय. सूतभर इकडे, सूतभर तिकडे. आठ दिवस झाले, दोन्ही पाय तेरा म्हणजे तेराच. इतकं सारखं कुणाचंच येत नाही. माप कोण घेतं?"

"माझा भाऊ. चाळीस वर्षांचा हात आहे त्याचा."

"तुम्ही बघता?"

मी तिला बाबांचा नियम सांगितला. तिने वही मिटली. मग म्हणाली, "उद्या त्यांना घेऊन या. मला पाय बघायचाय."

वा! ज्याच्या मापावर लोक लग्नाला उभे राहिले त्याचं माप ही तपासणार. घरी येऊन तणतणत दादाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "गुरुवारी तपासणीला जायचंच आहे ना? तेव्हा बघू दे की." मलाही ते पटलं. उद्या दोन पँटी द्यायच्या आहेत, आणि तिथे गेलो की अख्खा दिवस जातो.

२६ मार्च, बुधवार

अक्षर बिघडलंय, तसंच लिहितोय.

दुपारी वहिनींनी वाळलेले कपडे दुकानात आणून टाकले, इस्त्री तापलेली होती म्हणून. दादाची घरातली सुती पँट घेतली. मीच कापलेली, दोन वर्षांपूर्वी. पायावर पाय ठेवून घडी घातली तर डावा पाय उजव्याच्या बाहेर आला. बोटभर. मला वाटलं पाण्याने ताणला असेल. पुन्हा घातली. पुन्हा बोटभर. पँट उलटी केली.

डाव्या पायाची आतली शिवण मांडीपासून खालपर्यंत उसवून पुन्हा घातली होती. आत मी राखून ठेवलेलं कापड सगळं सोडलेलं. हातशिलाई, बारीक, एकसारखी. असा टाका या घरात एकच माणूस घालतो. बाकीच्या दोन पँटी बघितल्या. त्यांचंही तेच.

टेप घेऊन आत गेलो. दादा पलंगावर होता, चादर अंगावर. मी चादर ओढली.

"काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या.

मी त्याची पँट वर केली. उजवा पावणेतेरा. डावा पावणेपंधरा. लाल, तुकतुकीत, हाताला गरम. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाचं माप घेतलं.

"फोनवर तिला पंधरा सांगणार का?" दादा म्हणाला. वाक्य एका दमात पुरं झालं नाही त्याचं, आणि तेव्हा मला ते बाकावर बसणं, ते अर्धं अर्धं बोलणं, सगळं एकदम कळलं.

फोन केला. फौजदारीण एकच वाक्य बोलली, "चालवू नका, उचलून आणा."

२७ मार्च, गुरुवार

डाव्या मांडीच्या शिरेत मोठी गुठळी. तिचे दोन बारके तुकडे फुप्फुसात पोचलेले. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेच्या रुग्णांत हे वरचेवर होतं, आजारही रक्त गोठवतो आणि औषधंही. मी विचारलं, मग आधीच का नाही दिली इंजेक्शनं? म्हणाले, गाठीतून रक्त वाहायची भीती असते, म्हणून सरसकट देत नाहीत, म्हणून तर माप घ्यायला सांगतात. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर, असं म्हणून थांबले.

ऑपरेशन पुढे गेलं. महिनाभर तरी.

दादाच्या नाकात ऑक्सिजनची नळी. मी शेजारी बसलो आणि जे ठरवलं होतं ते सगळं विसरून भांडायलाच लागलो.

"मी गिऱ्हाईक आहे का तुझं? गोड आकडा सांगून पाठवून द्यायला?"

"हळू बोल."

"टकटक तरी करायचीस! निदान टकटक करायचीस, दादा!"

तो छताकडे बघत म्हणाला, "केली असती तर तू वळून बघितलं असतंस."

"बघितलंच असतं!"

"आणि तारीख गेली असती. रोज सकाळी विचारायचास, नक्की ना, नक्की ना. चेहरा बघितलायस स्वतःचा? सात दिवस पुढे गेली तर कॅलेंडर फाडलंस. म्हटलं, १४ पर्यंत कसंतरी ओढू. एकदा त्यांनी ऑपरेशनला आत घेतलं की पाय काय ते बघतील तेच."

"मूर्ख आहेस तू."

"आहे."

वहिनी म्हणाल्या, "दोघंही आहात," आणि बाहेर निघून गेल्या. त्यांना रडायचं होतं, आणि आम्ही त्यांना त्यासाठी खोलीसुद्धा मोकळी सोडत नव्हतो.

फौजदारीण संध्याकाळी आली. मी उभा राहिलो. शुक्रवारी तुम्ही सांगितलं होतं आणि मी आणलं नाही, असं म्हणायचं होतं. निम्मं म्हणालो. ती म्हणाली, "काका, बसा. आणि ती तुमची भिंत जरा पाडा."

४ एप्रिल, शुक्रवार

घरी आणलं. दम बराच कमी. दिवसातून दोनदा पोटावर इंजेक्शन. वहिनींनी शिकून घेतलं. मला सुई बघवत नाही. हो, माझा जन्म सुयांत गेला तरी.

माप आता मी घेतो, दादा लिहितो. आणि भिंतीकडे तोंड कुणीच करत नाही. त्याने पहिल्या दिवशी वळून बसायचा प्रयत्न केला. खुर्ची मीच फिरवली. उजवा पावणेतेरा. डावा चौदा.

१४ एप्रिल, सोमवार

लाल गोलाचा दिवस. आज दादा आत असता. त्याऐवजी समोर बसून मला काज कसं करावं ते शिकवत होता, जे मला बत्तीस वर्षांपासून येतं. मी निमूट ऐकलं. उजवा पावणेतेरा, डावा साडेतेरा.

दुपारी त्याने कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि कपाटात ठेवलं. आज सकाळी मी काही विचारलं नव्हतं. फार जड गेलं, पण नाही विचारलं.

२ मे, शुक्रवार

नवी तारीख मिळाली, १२ मे. कुठेही गोल काढलेला नाही. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरत आलीय, इंजेक्शन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थांबवायचं आणि नंतर पुन्हा चालू. बरेच महिने. उजवा पावणेतेरा, डावा तेरा.

आज दादाने अख्खी वाटी संपवली. वहिनी आणि मी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, नजर लागेल म्हणून.

१० मे, शनिवार

परवा ऑपरेशन. दादाच्या सगळ्या पँटी कमरेवरून घसरतात, दोरीने बांधून हिंडतो. शिंप्याच्या घरात ही शोभा. दवाखान्यात न्यायला दोन नव्या कापतो म्हटलं. "घे माप," म्हणाला. वही त्याच्यापुढे टेबलावर, आणि जुन्या सवयीने तो भिंतीकडे वळून उभा राहिला. आज मी त्याला फिरवलं नाही.

कमरेला टेप लावला. माझ्या हातात दादाची कंबर चौतीस होती, कायमची. टेप आवळला. साडेसव्वीस. पुन्हा लावला. साडेसव्वीस.

खरं सांगायचं ठरलं होतं. मीच ठरवलं होतं, ओरडून.

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

टकटक केली नाही मी.

दादा पेन्सिल धरून थांबला. मग भिंतीकडे बघतच त्याने डावा हात टेबलावर नेला, बोटानं दोनदा टकटक केली आणि लिहिलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली. मी उघडली. सत्तावीस.

अर्धा इंच तरीही माझ्याकडे राहिला. असू दे. पँट मी कापणार आहे, मला खरा आकडा माहीत आहे.

कापायला बसलो. खडूने रेघ मारली आणि शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना कापड राखलं. नेहमी एक इंच राखतो. आज अडीच राखलं, मागच्या शिवणीतही, दोन्ही पायांतही, जिथे जिथे राखता येतं तिथे सगळीकडे. दादा खांद्यावरून बघत होता.

"एवढं आत कशाला? जाड होईल, टोचेल. कापड फुकट."

"तू भरलास की उसवायला लागेल."

"एवढा?"

"पँट मी कापतोय," मी म्हणालो, "तू तुझे कोट बघ."